लुईजी गॅल्व्हानी : स्नायूंमधली वीज शोधणारे डॉक्टर



घरातले आजी-आजोबा आठ-दहा दिवस दवाखान्यात राहून आले की आजार बरा झालेला असतो, पण पाय साथ देत नाहीत. संडासला जायचं तरी भिंतीचा आधार लागतो. असं का होतं? पडून राहिलं की स्नायू झपाट्याने झिजतात. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगल्या तब्येतीच्या वयस्कर माणसांना फक्त 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस कमी झालं. मग आजारी माणसाचं काय होत असेल, विचार करा.

अशा रुग्णांच्या मांडीवर फिजिओथेरपिस्ट कधी कधी चिकट पट्ट्या लावतात आणि मशीनमधून विजेचे हलके झटके देतात. रुग्णाने काही न करता स्नायू आवळतो, सैल पडतो, पुन्हा आवळतो. पण विजेने स्नायू हलतोच कसा? या प्रश्नामागे ज्यांनी आयुष्य घातलं, त्या लुईजी गॅल्व्हानी यांची आज ओळख करून घेऊया.

जन्म आणि शिक्षण

गॅल्व्हानी यांचा जन्म 9 सप्टेंबर 1737 रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील सोनार होते. गॅल्व्हानी यांनी बोलोन्या विद्यापीठातून 1759 मध्ये वैद्यकाची पदवी घेतली आणि तिथेच ते शरीररचना शिकवू लागले. त्यांची पत्नी लुचिया ही प्राध्यापक गालेआत्सी यांची मुलगी. ती त्यांना प्रयोगांत मदत करायची.

बेडकाचा पाय

1780 नंतर गॅल्व्हानी बेडकाच्या पायांवर प्रयोग करत होते. एकदा जवळच्या यंत्रातून विजेची ठिणगी उडाली आणि त्याच क्षणी मदतनिसाच्या हातातली सुरी बेडकाच्या नसेला लागली. मेलेल्या बेडकाचा पाय ताडकन हलला! दुसरा कुणी असता तर नवल वाटून विसरून गेला असता. गॅल्व्हानी यांनी मात्र तोच प्रयोग वेगवेगळ्या प्रकारे पुन्हा पुन्हा केला. आकाशात विजा चमकताना पाय हलतो का, तेही पाहिलं. पुढे पितळी आकड्याला लावलेले पाय लोखंडी कठड्यावर टांगले, तर आकडा कठड्याला दाबल्यावर आभाळ स्वच्छ असतानाही पाय हलले. म्हणजे वीज प्राण्याच्या शरीरातच आहे, असं त्यांनी मानलं. 1791 मध्ये त्यांनी हे लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलं. ते बघायला लुचिया नव्हती, त्याआधीच ती गेली होती.

व्होल्टांशी वाद

पाव्हिया विद्यापीठातले प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा यांना आधी हे पटलं. नंतर मात्र त्यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, वीज बेडकात नाही, पितळ आणि लोखंड या दोन वेगळ्या धातूंमुळे ती तयार होते. गॅल्व्हानी यांनी धातूच वगळले. बेडकाची नस थेट स्नायूला टेकवली, तरी पाय हलला. 1794 मध्ये हा प्रयोग जगापुढे आला, पण व्होल्टा काही मानेनात.

तेवढ्यात इटलीत नेपोलियनचं सैन्य आलं. नव्या राजवटीने प्राध्यापकांना निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं. गॅल्व्हानी यांच्या श्रद्धेत ती बसेना. त्यांनी नकार दिला आणि 1798 मध्ये नोकरी गेली, पगार गेला. ते भावाच्या घरी राहिले आणि 4 डिसेंबर 1798 रोजी वारले. 1800 मध्ये व्होल्टांनी पहिली बॅटरी जाहीर केली आणि सगळं जग त्यांच्या बाजूने झुकलं.

मग बरोबर कोण?

दोघंही! दोन धातू आणि मध्ये ओलावा असला की वीज मिळते, हे व्होल्टांचं खरं. आपल्या नसा आणि स्नायू स्वतःच्या सूक्ष्म विजेवर चालतात, हे गॅल्व्हानींचं खरं. हे पुढच्या शतकात मोजमाप करून सिद्ध झालं. फ्रान्सचे डॉक्टर दुशेन यांनी तर कातडी न कापता, वरूनच वीज देऊन एकेक स्नायू हलवून दाखवला आणि 1855 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजचं मशीनही तेच करतं. मेंदूकडून नसेला जो निरोप जायचा, तो बाहेरून दिला जातो.

पालकांनो, एक मात्र लक्षात ठेवा. हे मशीन चालण्याची जागा घेत नाही. ज्यांना उठताच येत नाही त्यांना त्याचा थोडा आधार होतो. सगळ्यांना सारखा गुण येतोच असंही नाही. पेसमेकर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावूच नये. डॉक्टरांनी परवानगी दिली की आजोबांना पलंगावर बसवा, उभं करा, चार पावलं चालवा. पोटभर आणि प्रथिनांचं जेवण द्या. माया म्हणून नुसतं पडून राहा म्हणू नका.

शिक्षक मित्रांनो, वर्गात मुलांना पोटरीवर हात ठेवून टाचा उचलायला सांगा. हाताखाली घट्ट होतो तो स्नायू, आणि त्याला हलवणारी वीज त्यांच्याच शरीरातली. घराच्या पाण्याच्या जीआय पाइपमधला जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे याच गॅल्व्हानींचं नाव, हेही सांगा. मुलं घरी जाऊन पाइप नक्की बघतील.