धूमकेतूचे मानकरी : डॉ. वेणू बाप्पू

मार्गशीर्षातील अमावास्येच्या रात्री आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात संत्र्यांच्या बागेच्या धुऱ्यावर उभे राहून वर पाहिले, तर सारे आकाश तारकांनी खच्चून भरलेले दिसते. हे तारे काल होते तसेच आज आहेत, अशी आपली समजूत असते. परंतु ययाती नक्षत्रातील अल्गोल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो आणि काही तासांत पुन्हा पूर्ववत् तेजस्वी होतो. ज्यांचे तेज असे कमीजास्त होते, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. ज्यांनी कोवळ्या वयातच अशा ताऱ्यांचा ध्यास घेतला, त्या डॉ. वेणू बाप्पू यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

वेणू बाप्पूंचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास येथे झाला. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीस असल्यामुळे दुर्बीण ही या मुलाच्या घरचीच वस्तू होती. निजाम कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत असतानाच त्यांनी रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेण्यास आरंभ केला. ही रीत दिसावयास सोपी आहे. ज्यांचे तेज ठाऊक आहे अशा शेजारच्या ताऱ्यांशी आपला तारा ताडून पाहावयाचा आणि तिथी-वेळेसह नोंद करावयाची. परंतु काही ताऱ्यांचे एक आवर्तन पुरे होण्यास कित्येक महिने लागतात. तेथे उतावळ्याचे काम नाही.

पुढे हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. २ जुलै १९४९ रोजी आकाशाच्या एका छायाचित्रात त्यांना एक अनोळखी खूण आढळली. तो एक नवा धूमकेतू होता! प्राध्यापक बोक व सहाध्यायी न्यूकर्क यांच्यासह त्यांचे नाव त्या धूमकेतूस मिळाले, आणि डोनोहो पदकही त्यांना लाभले. कोणी यास दैवयोग म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला नेहमीचे आकाश पाठ आहे, त्यालाच त्यातील परका पाहुणा ओळखता येतो.

विल्सन या शास्त्रज्ञासमवेत त्यांनी एक महत्त्वाचा नियम शोधला व तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. ताऱ्याच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या रेषांच्या रुंदीवरून त्याचे खरे तेज, आणि त्यावरून त्याचे अंतर काढता येते, असा तो नियम होय. एवढा मान मिळूनही बाप्पू परदेशी राहिले नाहीत. १९५३ मध्ये ते स्वदेशी परतले. वाराणसीची वेधशाळा त्यांच्याच पुढाकाराने नैनितालच्या डोंगरात हलविण्यात आली. १९६० मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील २० इंची दुर्बीण १९१२ साली याच वेधशाळेत गेली होती, हे आपण मराठी जनांनी विसरू नये.

त्यानंतर त्यांनी तामिळनाडूतील जवादी टेकड्यांत कावलूर येथे नवी वेधशाळा उभारली. तेथे २.३४ मीटर व्यासाची दुर्बीण असावी आणि तिचा आरसाही भारतातच घासला जावा, हा त्यांचा निर्धार होता. १९७९ मध्ये जगातील ज्योतिर्विदांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. परंतु १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्यूनिक येथे, वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जानेवारी १९८६ मध्ये ती दुर्बीण राष्ट्रास अर्पण झाली. तिला त्यांचे नाव आहे. तिच्यातून पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावी वेधशाळा नाही. परंतु वही आहे, डोळे आहेत आणि अमावास्येचा काळोखही आहे. अल्गोल पाहण्यास दुर्बीण लागत नाही. या हिवाळ्यात वहीत पहिली नोंद कोण करील, याची आम्ही वाट पाहत आहोत.