अगाथा ख्रिस्तींच्या कादंबरीमुळे खरंच एका चिमुकलीचा जीव वाचला होता? काय होतं ते प्रकरण

लंडन, १९७७. कतारहून आणलेली दीड वर्षाची मुलगी हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये अत्यवस्थ होती आणि डॉक्टरांना आजार सापडत नव्हता. तिची देखभाल करणारी नर्स तेव्हा अगाथा ख्रिस्ती यांची ‘द पेल हॉर्स’ ही १९६१ची कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळू लागले आणि नर्सला खटकलं, ही तर पुस्तकातल्या थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं! तपासणीत थॅलियमच निघालं. मुलगी वाचली. हे पाहायला लेखिका मात्र हयात नव्हत्या.

विषांची इतकी अचूक माहिती त्यांना कुठून मिळाली?

उत्तर आहे, औषधांच्या काउंटरमागून. अगाथा यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९०चा, इंग्लंडमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावातला. शिक्षण बरंचसं घरीच झालं. पहिल्या महायुद्धात त्या तिथल्या रुग्णालयात आधी नर्स होत्या, मग औषध विभागात गेल्या. १९१७ मध्ये त्यांनी त्याची परीक्षाही दिली.

त्यासाठी त्या गावातल्या एका फार्मासिस्टकडे शिकत होत्या. एकदा त्यानं औषध बनवताना दशांश चिन्हच चुकवलं. (इंजिनीअरिंगच्या पेपरात यानं मार्क जातात, इथे माणूस गेला असता.) शिकाऊ मुलीनं वरिष्ठाला तोंडावर चूक सांगायची सोय नव्हती. अगाथा यांनी अडखळल्याचं नाटक करून सगळं औषध खाली पाडलं आणि वर पायही दिला. हाच माणूस खिशात क्युरारे हे जहाल विष बाळगायचा, त्यानं आपण ताकदवान आहोत असं त्याला वाटायचं. सुमारे पन्नास वर्षांनी ‘द पेल हॉर्स’ सुचली, तेव्हा तोच त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

औषध विभागातल्या रिकाम्या वेळेनंच पहिली कादंबरी दिली. टॉर्कीत आलेल्या बेल्जियन निर्वासितांवरून डिटेक्टिव्ह हर्क्युल पॉयरो सुचला. काही प्रकाशकांनी नाकारल्यावर १९२० मध्ये पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या स्ट्रिक्निनच्या वापराचं औषधशास्त्राच्या नियतकालिकानं कौतुक केलं.

मग ते ११ दिवस बेपत्ता होणं?

त्यावरच सगळ्यात जास्त बोललं जातं. १९२६ मध्ये आई गेली, पती आर्ची दुसरीच्या प्रेमात पडले. ३ डिसेंबरच्या रात्री अगाथा घरातून निघाल्या, गाडी सोडून दिलेली सापडली, देशभर शोध सुरू झाला. अखेर हॅरोगेटच्या हॉटेलात त्या सापडल्या, तेही पतीच्या प्रेयसीचं आडनाव लावून! यावर त्या पुढे जवळजवळ कधीच बोलल्या नाहीत, आणि आपणही अंदाज बांधू नयेत, हे बरं.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसनं बगदादकडे निघाल्या. १९३० मध्ये इराकमधल्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटले, त्याच वर्षी लग्न झालं. पुढे निमरूदला सापडलेल्या हस्तिदंती वस्तू त्या चेहऱ्याच्या क्रीमनं साफ करायच्या!

एकूण ६६ रहस्यकादंबऱ्या. ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये १९५२ पासून सुरू आहे, खंड पडला तो कोविडमुळे. आपल्याकडचा ‘गुमनाम’ही त्यांच्याच कथानकावर बेतलेला.

दुसऱ्या महायुद्धातही त्या लंडनच्या रुग्णालयात औषधंच देत होत्या. त्याच काळात त्यांनी पॉयरोची अखेरची कादंबरी लिहून बंद करून ठेवली. ती आली १९७५ मध्ये. पॉयरोच्या मृत्यूची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पहिल्या पानावर छापली. त्यानंतर पाच महिन्यांनी, १२ जानेवारी १९७६ रोजी अगाथा यांचं निधन झालं.