र. धों. कर्वे: नोकरी सोडली, पण संततिनियमनाचं काम सोडलं नाही

मूल कधी हवं हे बाईला ठरवता यावं, असं उघडपणे सांगणं शंभर वर्षांपूर्वी महागात पडायचं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ती किंमत मोजली.

महर्षी कर्वे यांचे हे थोरले पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं. कॉलेजला हे काम रुचलं नाही आणि कर्वेंना नोकरी सोडावी लागली.

१९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही दंड झालाच. पत्नी मालतीबाईंची साथ मात्र कायम राहिली. १९५३ मध्ये निधन होईपर्यंत कर्वेंनी मासिक चालवलं.

तेव्हा गर्भपात गुन्हा होता. कायद्याने परवानगी मिळाली १९७१ मध्ये.

आज वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या मेडिकलमध्येही गर्भनिरोधक साधनं मिळतात. तरी माहिती अपुरीच असते. गर्भपाताच्या गोळ्यांनंतर पाळी येण्याआधीच, अगदी ८ दिवसांतही स्त्रीबीज बाहेर पडू शकतं. म्हणजे लगेच पुन्हा दिवस जाऊ शकतात. त्यामुळे गर्भनिरोधकाबद्दल डॉक्टरांना गोळ्या घेतानाच विचारावं. बहुतेक साधनं लगेच सुरू करता येतात. तांबी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर बसवतात. या गोळ्यांमुळे पुढे मूल होत नाही, ही भीतीही खरी नाही.