तीस दिवसांची कार्बाईन

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीतून एवढा मोठा लेख लिहायची ही पहिलीच वेळ. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय, तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

एन.सी.सी.मध्ये ड्रिलसाठी .३०३ रायफल खांद्यावर घेऊन उभं राहावं लागायचं. वजन साधारण चार किलो. पहिली दहा मिनिटं रुबाब वाटतो, अर्ध्या तासाने खांदा आपला राहत नाही. त्याच सुट्टीत घरी जॉन वेनचा जुना 'स्टेजकोच' पाहिला, १९३९ चा. त्यात हा बाबा हातातली आखूड रायफल एका हाताने गर्रकन फिरवतो. मी अवाक! इतकी हलकी कशी काय? शोधत गेले तेव्हा कळलं, की ती विंचेस्टर कंपनीची मॉडेल १८९२ कार्बाईन. गंमत म्हणजे सिनेमातली गोष्ट १८८० ची, म्हणजे बंदूक जन्माला यायच्या बारा वर्षं आधीच वेनच्या हातात! पण ही चूक विसरून मी तिच्या बापाच्या मागे लागले. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

जन्म २३ जानेवारी १८५५, अमेरिकेतल्या युटा प्रांतात, ऑग्डन या गावी. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे आणि धंद्याने बंदूक-कारागीर. तीन बायका, बावीस मुलं. (आमच्या मेसचं गणित याच्यापुढे सोपं.) वडिलांच्या दुकानात मोडक्या बंदुकांचे ढीग पडलेले असायचे, तीच जॉनची खेळणी. दहाव्या वर्षाच्या आसपास त्याने भंगारातून एक बंदूक जुळवली आणि भावाला घेऊन शिकारीला गेला. शाळा फारशी झाली नाही, डिग्री तर लांबच. पुढे मोठा झाल्यावरही रीतसर ड्रॉइंग काढून काम करायची त्याला सवय नव्हती. डोक्यात मेकॅनिझम चालवून बघायचा, मग पत्र्याचे टेम्प्लेट कापायचा आणि थेट धातूवर यायचा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर रात्री जागवलेल्या आम्हा मंडळींना हे वाचून जरा वाईटच वाटतं.

१८७९ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉनला एका सिंगल-शॉट रायफलचं पेटंट मिळालं. भावांनी मिळून गावातच छोटा कारखाना काढला आणि हातानेच रायफली बनवायला लागले. १८८३ मध्ये त्यातली एक विंचेस्टरच्या माणसाच्या नजरेस पडली. कंपनीचे टी. जी. बेनेट पार कनेक्टिकटहून ऑग्डनला आले आणि आठ हजार डॉलरला हक्क विकत घेऊन गेले. पुढची एकोणीस वर्षं हा व्यवहार चालला: जॉनने मॉडेल न्यायचं, कंपनीने ठोक रक्कम द्यायची.

आता जरा तांत्रिक भाग. कंटाळू नका, मजा इथेच आहे.

विंचेस्टरची त्या वेळची लाडकी रायफल म्हणजे मॉडेल १८७३. खालचा लिव्हर पुढे ढकलला की रिकामं काडतूस बाहेर, मागे ओढला की नवं आत. गोळी सुटताना मागे येणारा धक्का ती टॉगल जोडणीवर घ्यायची. म्हणजे आपला गुडघा सरळ ताठ केला की वजन पेलतो आणि जरा वाकवला की मिटतो, तसं. पिस्तुलाच्या काडतुसापुरतं हे ठीक, पण मोठ्या काडतुसाला ताकद अपुरी पडते. ब्राउनिंगने गुडघाच काढून टाकला. त्याने बोल्टच्या मागच्या बाजूला दोन उभ्या पट्ट्या ठेवल्या, डावीउजवीकडे एकेक. लिव्हर बंद होताना त्या वर सरकतात आणि बोल्ट व बॉडी यांच्यातल्या खाचांत एकदम बसतात, दाराला दोन कड्या घालाव्यात तशा. धक्का सरळ बॉडीवर जातो. ही मॉडेल १८८६, मोठ्या जनावरांसाठीची.

यानंतर बेनेटना १८७३ च्या जागी नवी छोटी रायफल हवी होती, तिचीच काडतुसं चालतील अशी. ही गोष्ट ब्राउनिंगच्या चरित्रात आवर्जून येते. बेनेटनी सांगितलं, तीन महिन्यांत दिली तर दहा हजार डॉलर, दोन महिन्यांत दिली तर पंधरा. जॉनने उलट बोली लावली: तीस दिवसांत दिली तर वीस हजार, नाहीतर फुकट! आणि तीस दिवसांच्या आत मॉडेल पोचलं. आम्ही जर्नलचं सबमिशन 'उद्या नक्की' म्हणत पुढे ढकलतो, आणि हा माणूस स्वतःच स्वतःची डेडलाईन अर्ध्यावर आणतो.

त्याने केलं काय, तर १८८६ च्या त्या दोन कड्या लहान केल्या. काडतूस लहान आणि जोड भक्कम, म्हणून आजूबाजूचं लोखंड बेधडक कमी करता आलं. वीस इंची नळीची कार्बाईन पावणेतीन किलोच्याही आत आली. घोड्यावर दिवसभर फिरणाऱ्याला हे फार मोठं सुख. शिवाय .४४-४० चं काडतूस कमरेच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरलाही चालायचं, म्हणजे पट्ट्यात एकच माल. दोष होतेच. नळीखालच्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली, त्यामुळे टोकदार गोळी चालत नाही. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटलं तर आतच भडका! म्हणून चपट्या नाकाची गोळी. रिकामं काडतूस वरून उडतं, म्हणून वर दुर्बीणही नीट बसत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंदच आहे. पण अमेरिकेत अशी हलकी कार्बाईन घ्यायची म्हटलं, की आजही माणूस ब्राउनिंगच्याच दोन पोरींपुढे येऊन थांबतो. दाट जंगलात, जवळच्या हरणासाठी, कमी धक्क्याची हवी तर १८९२. तिच्या नव्या प्रती ब्राझील, इटली, जपानमध्ये बनतात. थोडं लांब मारायचं तर .३०-३० ची मॉडेल १८९४, जी सत्तर लाखांहून जास्त बनली. काउबॉय स्पर्धांमध्ये मात्र वेगळंच. तिथे घड्याळावर लोखंडी टार्गेट पाडायची असतात, काडतुसं मुद्दाम हलकी भरतात, आणि पुष्कळ स्पर्धक चक्क जुनी १८७३ निवडतात. तिला ताकद नाही, पण गुडघा सफाईने मिटतो, लिव्हर भरभर चालतो. जड असल्यामुळे हलतही कमी. ब्राउनिंगने जिला घरी बसवलं ती अशी परत आली!

त्याचं विंचेस्टरशी बिनसलं ते पैशावरून. कंपनीने त्याची चव्वेचाळीस डिझाइन्स घेतली, त्यातली जेमतेम दहा बाजारात आणली. बाकीची दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून कपाटात. मला सर्वांत हेच लागलं. पैसे मिळाले, पण आपलं काम कुणी वापरलंच नाही तर? १९०२ मध्ये त्याने आपोआप भरणाऱ्या शॉटगनसाठी ठोक रकमेऐवजी रॉयल्टी मागितली. बेनेटनी नकार दिला. तो रेमिंग्टनकडे गेला, आणि बाहेर बसून वाट पाहत असतानाच आत तिथले अध्यक्ष हृदयविकाराने वारले. मग बंदूक घेऊन त्याने जहाज पकडलं आणि बेल्जियममधली एफएन कंपनी गाठली. तिथे त्याला रॉयल्टी मिळाली.

याच माणसाने मशिनगनही बनवल्या, हे लपवून लेख लिहिणं मला जमणार नाही. १९१४ मध्ये साराजेव्होला आर्चड्यूक फर्डिनंडवर झाडलेलं पिस्तूल त्याच्याच डिझाइनचं होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याकडे त्याच्याच मशिनगन होत्या. हरणामागे हिंडणाऱ्या पोराचे हात इथवर कसे पोचले, याचा विचार करत मी मेसचं जेवण एकदा थंड केलंय. उत्तर सापडलं नाही.

नावावर १२८ पेटंट्स झाली, तरी काम थांबलं नाही. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएज इथे, एफएनच्या कारखान्यात, मुलाच्या ऑफिसमध्ये त्याचं हृदय बंद पडलं. तेव्हा तो एका नव्या पिस्तुलावर काम करत होता. ते पुढे दुसऱ्या इंजिनिअरने पूर्ण केलं. त्याला ऑग्डनला आणून पुरलं. विंचेस्टर तेव्हाही मॉडेल १८९२ बनवतच होती, आणि १९४१ पर्यंत बनवत राहिली. दहा लाखांवर नग झाले, आणि त्यावर त्याला मिळाले ते ठोक वीस हजार डॉलर.