चित्रकार, पंक्चर आणि महागडा टायर

घरची कार टायर बदलायला नेली की दुकानदार दोन भाव सांगतो. एक साधा, एक प्रीमियम. बाबा साध्याकडे बघतात, आपण प्रीमियमकडे, आणि काळं गोल रबर तर दोन्हीकडे सारखंच दिसतं. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? हे लोकांना पटवून देण्यात ज्याचं अख्खं आयुष्य गेलं, तो मुळात टायरवाला नव्हताच. पॅरिसमध्ये चित्रं काढत होता.

एदुआर मिशेलिन, जन्म 1859. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेत असताना घरून बोलावणं आलं. फ्रान्सच्या मध्यभागी क्लेरमाँ-फेराँ गावात आजोळचा कारखाना होता. रबराच्या वस्तू आणि शेतीची अवजारं तिथे बनत. तो बुडायला आला होता. पठ्ठ्याने ब्रश खाली ठेवला आणि 1889 मध्ये कारखान्याचा ताबा घेतला. धंद्याचा अनुभव शून्य.

त्याच वर्षी एक सायकलवाला दारात आला. त्याच्या सायकलला हवेचा टायर होता, तेव्हाची एकदम नवी आणि महागडी चीज. पण पंक्चर! टायर रिमला चक्क चिकटवलेला असायचा. तो सोडवून दुरुस्त करण्यात तीन तास गेले, वर गोंद वाळायला रात्रभर थांबणं. सकाळी एदुआरने स्वतः चक्कर मारली, तर काही शे मीटरवर टायर पुन्हा बसला. दुसरा कोणी असता तर त्या टायरच्या नावाने बोटं मोडून मोकळा झाला असता. याला मात्र त्या दोन मिनिटांत हवेवर तरंगल्यासारखं वाटलं होतं. टायर छान आहे, गोची फक्त दुरुस्तीची आहे, हे त्याने ओळखलं.

1891 मध्ये रिमवरून काढता येणाऱ्या टायरचं पेटंट झालं. पंक्चर साधारण पंधरा मिनिटांत निघू लागलं. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे 1200 किलोमीटरची सायकल शर्यत होती. शार्ल तेराँ हे टायर लावून उतरला. पंक्चर त्यालाही झालीच, पण तो जवळपास आठ तासांच्या फरकाने जिंकला. जास्तीच्या पैशांचा हिशेब असा वेळेत दिसला.

कारचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीसाठी हवेचे टायर लावायला कुणी तयार होईना. मग एदुआर आणि त्याचा थोरला भाऊ आंद्रे यांनी स्वतःच एक गाडी जुळवली. नाव 'एक्लेर', म्हणजे वीज. ती विजेसारखी वेडीवाकडी पळायची म्हणे. वाटेत पंक्चरवर पंक्चर. सगळ्यांत आधी पोहोचला तो एमिल लेव्हासॉर, 48 तास 48 मिनिटांत, आणि तोही भरीव रबराच्या टायरांवर! मिशेलिन बंधू कितीतरी उशिरा पोहोचले. लोक हसले असणार. पण हवेच्या टायरांवर कार एवढं अंतर जाऊ शकते, हे दिसलं. पुढच्या चारच वर्षांत, 1899 मध्ये, कामिय जेनात्झीच्या विजेवर चालणाऱ्या गाडीने मिशेलिन टायरांवर ताशी 100 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. कारने इतका वेग पहिल्यांदाच गाठला होता.

हा माणूस धंद्यातही पक्का होता बरं का. 1900 मध्ये भावांनी वाहनचालकांना एक गाइड फुकट वाटलं: पेट्रोल कुठे, मेकॅनिक कुठे, मुक्काम कुठे, टायर कसा बदलायचा. लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील, साधं गणित. आज हॉटेलांना मिळणारे मिशेलिन स्टार त्याच गाइडमधून आले. त्यामुळे टायर विकणाऱ्याचा सल्ला ऐकताना हेही लक्षात असलेलं बरं. संथ शहरी ट्रॅफिकमध्ये वर्षाला थोडंच फिरणाऱ्या गाडीला सगळ्यांत महाग टायर लागतोच असं नाही. पावसाळ्यात रोज हायवे गाठणाऱ्याला मात्र ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर फरक कळू शकतो. आणि हवा कमी असेल तर दोन्ही टायर सारखेच लवकर बाद.

शेवटची वर्षं वाईट गेली. 1931 मध्ये आंद्रे गेला. पुढच्या वर्षी मुलगा एतिएन विमान अपघातात, 1937 मध्ये दुसरा मुलगा पिएर कार अपघातात. गाड्यांच्या चाकांवर उभं राहिलेलं घर, आणि त्यातला एक मुलगा रस्त्यावर गेला. 1940 च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्स जर्मनीपुढे पडल्यावर दोन महिन्यांनी, एदुआरही गेला.

त्याच्या कारखान्यात छापखान्यात कामाला लागलेला मारियुस मिन्योल नावाचा माणूस पुढे संशोधन विभागात गेला. त्याने बनवलेल्या रेडियल टायरचं पेटंट 1946 मध्ये झालं. आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे, त्यावर पोलादी तारांचा पट्टा. त्यामुळे टायर कमी तापतो आणि जास्त टिकतो. तेव्हा तो महागडा प्रकार होता. आज आपल्या रस्त्यावरच्या स्वस्तातल्या स्वस्त नव्या कारलाही रेडियलच असतो.