विश्लेषण : एका पेशीतून अख्खे झाड… ‘ऊती संवर्धना’चे जनक हाबरलांट कोण होते?

दुर्मीळ ऑर्किडची हजारो रोपे आज प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटल्यांत वाढतात. या तंत्राची कल्पना मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचा स्वतःचा प्रयोग मात्र फसला होता.

जडणघडण कशी झाली?
गॉटलिब हाबरलांट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५४ रोजी हंगेरीत झाला. युरोपात सोयाबीनचा प्रसार करणारे फ्रीडरिश हाबरलांट हे त्यांचे वडील. गॉटलिब आधी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे आणि पुढे बर्लिनमध्ये प्राध्यापक झाले. वनस्पतीचा प्रत्येक अवयव कोणते काम करतो, यावरून त्याची रचना समजून घ्यावी, हा त्यांचा आग्रह. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८८४ मध्ये आला.

१९०२ चा प्रयोग काय होता?
वनस्पतीची एकच पेशी वेगळी काढून पोषक द्रावणात ठेवली, तर तिच्यातून पूर्ण रोप होईल का? हा प्रश्न घेऊन त्यांनी पानांतल्या हिरव्या पेशी, अगदी जलपर्णीच्या देठातल्या पेशीही साखर आणि क्षारांच्या द्रावणात ठेवल्या. काही पेशी महिनाभर जगल्या, फुगल्या, त्यांत पिष्टमय पदार्थही साठला. पण एकही पेशी विभागली नाही.

अपयश का आले?
निवडलेल्या पेशी पूर्ण वाढलेल्या होत्या आणि पेशींना विभाजनाचा इशारा देणारी संप्रेरके तेव्हा कोणाला माहीत नव्हती. हाबरलांट यांनी धागा सोडला नाही. १९१३ मध्ये बटाट्याच्या कापांवर त्यांनी दाखवले, की अन्नवाहिन्यांतून येणारा कोणता तरी पदार्थ पेशींना विभागायला लावतो.

यश कोणी पाहिले?
१९३९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी वनस्पतीच्या ऊती प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवून दाखवल्या. तेव्हा हाबरलांट ८४ वर्षांचे होते. ३० जानेवारी १९४५ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. गाजराच्या पेशींपासून भ्रूण आणि रोपे तयार झाली ती १९५८ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी हे तंत्र सिंबिडियम या ऑर्किडवर वापरले आणि फुलशेतीचे चित्र पालटले.

आज याचा उपयोग काय?
ईशान्य भारतातील निळ्या वांडा ऑर्किडला त्याच्या सौंदर्यानेच संकटात टाकले. हौशी संग्राहक आणि व्यापारासाठी ते जंगलातून ओरबाडले गेले. आता ऊती संवर्धनाने त्याची रोपे तयार करता येतात. सह्याद्रीतील कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जातींवरही महाराष्ट्रातील संशोधकांनी असे प्रयोग केले आहेत. बाजाराची गरज प्रयोगशाळेतून भागली, तर जंगलावरचा ताण कमी होऊ शकतो.

मर्यादा कोणत्या?
एकाच झाडापासून केलेली रोपे साधारणपणे एकसारखीच असतात. एखादा रोग आला तर सगळीच बळी पडू शकतात. म्हणून अनेक मूळ झाडांचे नमुने घ्यावे लागतात. बाटलीतले नाजूक रोप हळूहळू मातीला आणि हवेला सरावावे लागते. आणि ज्या जंगलात ते परत लावायचे, ते जंगलच उरले नसेल, तर हजारो रोपे असूनही ती जात निसर्गातून गेलेलीच असेल.