चिंतामणराव देशमुख : चौकशीला अधिकार मागणारा माजी अर्थमंत्री

सी. डी. देशमुख म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी मराठी माणसाला पाठ आहेत. एक, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. दोन, मुंबईसाठी त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. तिसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सत्तेतल्या लोकांवरच्या आरोपांची चौकशी करायला न्यायाधिकरण हवं, आणि ते सरकारच्या मर्जीवर नेमलेलं नको, कायमचं हवं, ही मागणी त्यांनी १९५९ मध्ये उघडपणे केली होती.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावातला. वडील वकील. मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे केंब्रिजला गेले आणि १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले. आज आपल्या भागातली कितीतरी मुलं भोपाळला महाराणा प्रताप नगरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमपी नगरात, स्पर्धा परीक्षेच्या कोचिंगसाठी खोली घेऊन राहतात. त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं, कारण या माणसाची नोकरी आपल्याच मुलखात झाली.

त्यांना मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळाला. राजधानी नागपूर. बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, अमरावती, यवतमाळ हे सगळे तेव्हा एकाच प्रांतातले जिल्हे. मध्ये राज्याची रेघ नव्हती. इथे त्यांनी डेप्युटी कमिशनर आणि बंदोबस्त अधिकारी म्हणून कामं केली. बंदोबस्ताचं काम म्हणजे गावोगाव जमिनीच्या नोंदी तपासून सारा ठरवणं. कागदावर एक आणि शेतात दुसरंच, हे या कामात रोज दिसतं. कागद पुरेसा नसतो, माणसाला समोर बसवून विचारावं लागतं, हे असल्या नोकरीत वेगळं शिकवावं लागत नाही.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. बी.कॉम.ला आम्हाला देशमुख एवढ्या एका ओळीतच शिकवले गेले. पण १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत भारताची बाजू मांडणाऱ्यांत ते होते, आणि १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेही त्यांच्याच काळात. १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२ ला ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेण्याचा निर्णय त्यांनीच राबवला. त्यातून उभं राहिलेलं विमा महामंडळ पुढच्या गोष्टीत परत येणार आहे.

त्याच जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करा, अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले. लोकसभेत त्यांनी कारणं सांगितली तेव्हा मुंबईच्या प्रश्नाबरोबर ही नाकारलेली चौकशीही त्यात होती. सीमाभागातल्या वाचकांना राजीनाम्याची ही बाजू वेगळी समजावून सांगायला नको. गोळी कुणाच्या हुकमानं सुटली, हे हुकूम देणाऱ्याला शपथेवर विचारणारं कुणी नसेल, तर मेलेल्याच्या घरच्यांकडे सरकारी पत्रक तेवढं उरतं.

चौकशीला अधिकार असला की काय होतं, हे देशानं दोनच वर्षांत पाहिलं. जून १९५७ मध्ये विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी हे प्रकरण लोकसभेत काढलं. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग १९५८ च्या सुरुवातीला बसला. चौकशी आयोगांचा कायदा १९५२ चा. त्यानं आयोगाला दिवाणी कोर्टाचे अधिकार दिलेत. म्हणजे समन्स काढता येतं, हजर राहायला भाग पाडता येतं, शपथेवर साक्ष घेता येते, फाइल मागवता येते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, अर्थसचिव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, सगळ्यांना लोकांसमोर उत्तरं द्यावी लागली. गर्दी इतकी की बाहेर लाऊडस्पीकर लावले गेले. फेब्रुवारीत अहवाल आला आणि अर्थमंत्र्यांना जावं लागलं.

याच कायद्यात साक्षीदारासाठी एक संरक्षणही आहे. आयोगापुढे दिलेली साक्ष त्याच्याच विरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. बोलायला भाग पाडायचं, तर बोलण्याची शिक्षा होऊ नये, असा हा हिशेब आहे.

पण असा आयोग बसवायचा की नाही, हे सरकारच ठरवणार. मुंदडा प्रकरणात बसला, मुंबईच्या गोळीबारात नाही बसला. चिंतामणरावांची १९५९ ची मागणी नेमकी या जागेवर बोट ठेवणारी होती. ते तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. मद्रासच्या भाषणात त्यांनी कायमच्या न्यायाधिकरणाची गोष्ट काढली आणि ते नेमलं तर काही प्रकरणं आपण स्वतः मांडू, असं सांगितलं. नेहरूंचं म्हणणं वेगळं होतं. आधी पुरावा द्या, अशी यंत्रणा केली तर जो तो एकमेकावर संशय घेईल आणि कारभार अडेल. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. दर सहीमागे समन्स दिसू लागलं तर अधिकारी सहीच करत नाही, हे तहसीलला चकरा मारणाऱ्यालाही माहीत आहे. पण आधी पुरावा आणा म्हणायचं, आणि पुरावा ज्यांच्याकडे आहे त्यांना बोलावण्याचा अधिकार कुणालाच द्यायचा नाही, हे कोडं सुटणार कसं? न्यायाधिकरण झालं नाही. त्याच वर्षी चिंतामणरावांना सरकारी सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढचा इतिहास या कोड्याभोवतीच फिरला. संथानम समितीनंतर १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला, पण कायद्यानं नव्हे, सरकारी ठरावानं. साक्षीदाराला बोलावण्याचे दिवाणी कोर्टाचे अधिकार त्याला २००३ च्या कायद्यानं मिळाले. लोकपाल आणि लोकायुक्त नेमा, अशी शिफारस १९६६ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगानं केली. त्या आयोगाचे अध्यक्ष कोण? मोरारजी देसाई. महाराष्ट्रानं लोकायुक्ताचा कायदा १९७१ मध्ये केला, मध्य प्रदेशानं १९८१ मध्ये. मध्य प्रदेशात लोकायुक्ताचे पोलीस लाच घेताना रंगेहाथ पकडतात म्हणून हे नाव घरोघरी माहीत आहे. महाराष्ट्रात सापळ्याचं काम लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो. केंद्रातल्या लोकपालाचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि पहिला लोकपाल मार्च २०१९ मध्ये नेमला गेला. चिंतामणरावांच्या मागणीला तेव्हा साठ वर्षं होत आली होती.

ते स्वतः थांबले नव्हते. दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून हरले. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. पत्नी दुर्गाबाई स्वातंत्र्यसैनिक आणि घटना समितीच्या सदस्य. दोघांनाही १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणरावांचं निधन झालं.

आपल्या जिल्ह्यात एखाद्या प्रकरणाची चौकशी जाहीर झाली की बातमीत समितीवर कोण आहे हे आधी छापून येतं. वाचकांनी दुसरा प्रश्न विचारावा. ही समिती कुणाला समन्स काढू शकते, आणि तो आला नाही तर काय करू शकते? उत्तर काहीच नाही असं असेल, तर पुढे येणाऱ्या अहवालाची किंमत काय, हे तेव्हाच ठरवता येतं.